पुठ्ठ्यावरच्या नोंदी

"मामा, तुला क्रिकेटचं एवढं वेड होतं, मग तू हे बेसबॉलवाल्यांचे फोटो कशाला जमवतोस? यातल्या बहुतेकांना तर तू खेळताना पाहिलेलंही नाहीस." परवा भाच्याने फोनवर विचारलं. पिट्सबर्गमधल्या मराठी घरांत हाच प्रश्न मी वीसेक वर्षं ऐकतोय. कोणी जेवायला आलं की कपाटातला बेसबॉल कार्डांचा, म्हणजे छोट्या पुठ्ठ्यांवर छापलेल्या खेळाडूंच्या चित्रांचा, अल्बम निघतो, चार पानं उलटली जातात आणि पाहुणे विचारतात, "पण का हो?" त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला: "याचे किती मिळतील?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. फार नाही मिळणार. बातमीत येतात ती कार्डं वेगळी. न्यूयॉर्क यँकीजच्या मिकी मँटलचं, टॉप्स या च्युइंगगमच्या कंपनीने काढलेलं १९५२ सालचं कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. त्या मालिकेतली शेवटची कार्डं (मँटलचं त्यातलंच) दुकानात आली तेव्हा हंगाम संपत आला होता, मुलांनी ती घेतलीच नाहीत. गोदामात पडून राहिलेली खोकी कंपनीने १९६० मध्ये तराफ्यावर घालून अटलांटिकमध्ये बुडवली. म्हणून उरली त्यांना भाव. माझ्याकडची कार्डं कोपरे झिजलेली, घड्या पडलेली, एकावर तर कुणा मुलाने पेन्सिलीने आकडे मांडलेले. बाजार अशा कार्डांना नाकारतो, आणि मला नेमकी तीच परवडतात.

पहिलं उत्तर मात्र थोडं लांब आहे. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

माझे वडील सातारा जिल्ह्यात तलाठी होते. लहानपणी चावडीवाचनाला मी त्यांच्याबरोबर जायचो. गाव चावडीत जमायचं आणि वडील दप्तर उघडून एकेक नोंद मोठ्याने वाचायचे: गट नंबर, क्षेत्र, आकार, खातेदाराचं नाव. मधेच मागून कोणी उठायचं, "भाऊसाहेब, ते पांडुरंग न्हाई, पंढरीनाथ हाय." वडील थांबायचे, त्याला पुढे बोलावून पुन्हा विचारायचे, टिपून घ्यायचे. सातबाऱ्यावर चुकलेल्या एका नावापायी माणसं तालुक्याला वर्षानुवर्षं खेटे घालतात, हे त्यांनी पाहिलं होतं. ते म्हणायचे, "कागदाला माणूस ओळखता येत नाही रे, तो आपण ओळखावा लागतो." मी कार्डं तशीच वाचतो. कोणाची नोंद झाली, कोणाची झालीच नाही, आणि झाली ती खऱ्या नावाने झाली का, हे पाहत. योगायोगाने मी नोकरीसाठी ज्या गावात येऊन पडलो, त्या गावात या तिन्हींची उदाहरणं आहेत.

माझ्याकडचं सगळ्यात जुनं कार्ड जॉर्ज गिब्सनचं. पिट्सबर्ग पायरेट्स या इथल्या संघाचा कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा, मूळचा कॅनडाचा. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांत घातलेल्या मालिकेतलं हे कार्ड. तिला जमवणारे टी-२०६ म्हणतात. साधारण साडेतीन सेंटिमीटर रुंद, पावणेसात उंच, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. हातात घेतलं तर वजन लागत नाही. सिगारेटी चेपू नयेत म्हणून पाकिटात कडक पुठ्ठा लागायचा, आणि पुठ्ठा घालायचाच तर त्यावर चित्र छापलं की गिऱ्हाईक पुढचं पाकीट घेतं, हा हिशेब. छपाई शिळाछापाची, रंगावर रंग चढवत केलेली. आमच्या देवघरातली रविवर्म्याची सरस्वती मळवलीच्या छापखान्यात याच पद्धतीने छापली गेली होती. भिंग लावून दोन्हींचे ठिपके पाहिले तेव्हा मला अगदी घरी गेल्यासारखं वाटलं. कार्डाच्या मागे निळ्या शाईत पिडमाँट सिगारेटची जाहिरात, खाली व्हर्जिनियातल्या कारखान्याचा क्रमांक. खेळाडूबद्दल एक ओळ नाही. पुढच्या बाजूला चित्राखाली तपकिरी अक्षरांत फक्त आडनाव आणि गाव.

त्या गावाचं स्पेलिंग पाहा. आज पिट्सबर्गच्या इंग्रजी नावाच्या शेवटी एच आहे, कार्डावर नाही. गावांच्या नावांत एकसारखेपणा आणायचा म्हणून सरकारी मंडळाने तो एच काढून टाकला होता. गावकऱ्यांनी तक्रारींचा धोशा लावला आणि १९११ मध्ये तो परत मिळवला. माझं कार्ड त्या मधल्या काळातलं. एका गावाने आपल्या नावातल्या, उच्चारातही न येणाऱ्या एका अक्षरासाठी वीस वर्षं भांडावं, याचं मला फार कौतुक वाटतं.

याच मालिकेत होनस वॅग्नर आहे. जर्मनीहून आलेल्या कुटुंबातला, पोरवयात कोळशाच्या खाणीत काम केलेला, पिट्सबर्गच्या अगदी शेजारच्या कार्नेगीचा माणूस. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखणारा. त्या जागी त्याच्याइतका मोठा खेळाडू झाला नाही, असं आजही जाणकार मानतात. लीगमधली सर्वोत्तम फलंदाजीची सरासरी त्याने आठ हंगामांत मिळवली. त्याचं कार्ड छापायला सुरुवात झाली आणि थांबली. आज साठेक प्रती माहीत आहेत, म्हणून त्या लाखो डॉलरना जातात. कारण काय, यावर जमवणारे रात्र रात्र वाद घालतात. पोरांनी माझ्या चित्रापायी सिगारेटी घेऊ नयेत असं त्याला वाटलं, हे एक; मोबदला पटला नाही, हे दुसरं. तो स्वतः तंबाखू चघळायचा, हेही खरं. १९१२ मध्ये छापून आलेली एक गोष्ट अशी: परवानगी मिळवून देण्याचं काम पिट्सबर्गच्या एका पत्रकाराकडे होतं, त्याला त्याचे दहा डॉलर मिळणार होते. वॅग्नरने लिहिलं की मला माझं चित्र सिगारेटच्या पाकिटात नको, पण तुमचं नुकसान व्हायला नको, आणि सोबत दहा डॉलरचा चेक जोडला. मला ही गोष्ट खरी वाटते. दुसऱ्याचे दहा डॉलर आठवणीने भरून देणारा माणूस पैशासाठी अडून बसला नसावा. आपलं नाव दप्तरातून काढून घ्यायचा अधिकार त्याने वापरला. पण तो अधिकार त्याच्याकडे होता.

तो ज्याच्याकडे नव्हता त्याचंही आडनाव गिब्सनच. जोश गिब्सन. तोही पिट्सबर्गचा, तोही कॅचर. भाच्याला फोनवर "माझ्याकडे गिब्सन आहे" म्हणालो तेव्हा त्याने नेटवर शोधलं आणि विचारलं, "मामा, तो होमरनवाला? बेसबॉलमधले षटकार मारणारा?" नाही रे, तो नाही. तो फारसा कोणाकडेच नाही.

जोश गिब्सन काळा होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून गोऱ्या लीगमध्ये काळ्या खेळाडूला घ्यायचं नाही, हा कुठेही न लिहिलेला आणि सगळ्यांनी पाळलेला नियम होता. म्हणून काळ्यांच्या वेगळ्या लीग उभ्या राहिल्या. त्यातले दोन बलाढ्य संघ पिट्सबर्ग भागातले, क्रॉफर्ड्स आणि होमस्टेड ग्रेज, आणि जोश दोन्हींकडून खेळला. ज्या फोर्ब्स फील्डवर जॉर्ज गिब्सन १९०९ मध्ये विश्वविजेत्या संघाचा कॅचर होता, तेच मैदान पायरेट्स बाहेरगावी असले की ग्रेज भाड्याने घ्यायचे. तीच माती, तीच होम प्लेट. मैदानाच्या भिंतीचा एक तुकडा विद्यापीठाच्या परिसरात अजून उभा आहे. मी दुपारी डबा खाऊन तिथे चक्कर मारायचो तेव्हा दोघे गिब्सन डोळ्यांसमोर यायचे. एकाचं कार्ड सिगारेटच्या पाकिटातून देशभर गेलं. दुसरा खेळत असताना अमेरिकेतल्या एकाही सिगारेटच्या, मिठाईच्या किंवा च्युइंगगमच्या कंपनीला त्याचं कार्ड काढावंसं वाटलं नाही. त्याचं म्हणून जे कार्ड जमवणारे शोधतात ते पोर्तो रिको या स्पॅनिश बोलणाऱ्या कॅरिबियन बेटावरचं, १९५०-५१ चं. हिवाळ्यात तो तिथे जाऊन खेळायचा आणि तिथल्या लोकांनी त्याला लक्षात ठेवलं. पण तोवर तो गेला होता. २० जानेवारी १९४७ ला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू गोऱ्या लीगमधल्या ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि तो न लिहिलेला नियम मोडला.

अॅलेगेनी स्मशानभूमीत जोशची जागा आहे. १९७५ पर्यंत तिथे दगडही नव्हता. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शोधायला वेळ लागला, कारण आताचा दगडही जमिनीलगत सपाट आहे. नाव, दोन सालं आणि खाली दोन-तीन शब्द, की हा मोठा बेसबॉलपटू. ओल्या पाचोळ्याखाली अर्धं नाव झाकलं होतं. हाताने बाजूला केलं.

मे २०२४ मध्ये मेजर लीगने, म्हणजे एकेकाळच्या त्या गोऱ्या लीगने, काळ्यांच्या लीगमधल्या खेळींची नोंद आपल्या अधिकृत आकडेवारीत घेतली. हजार संधींमागे ३७२ हिट (चेंडू मारून बेस गाठला की एक हिट), ही जोशची सरासरी आता कारकिर्दीच्या यादीत सर्वांत वर आहे. तोवर पहिला असलेल्या टाय कॉब या गोऱ्या खेळाडूची ३६७ दुसऱ्या नंबरवर गेली. आमच्या भाषेत ही फेरफार नोंद झाली, माणूस गेल्यावर ७७ वर्षांनी. काहींनी कुरकुर केली की तेव्हाचे सामने कमी, हिशेब अपुरे. वडिलांच्या दप्तरात अशा अपुऱ्या हिशेबाच्या किती नोंदी मी पाहिल्यात. हिशेब अपुरा राहिला तो ज्यांनी ठेवायचा त्यांच्यामुळे. खेळणाऱ्याचा त्यात काय दोष?

आता तिसरा. रॉबर्टो क्लेमेंटे, पोर्तो रिकोतल्या कॅरोलिनाचा. १९५५ पासून पायरेट्सकडे. टॉप्सने काढलेल्या त्याच्या पहिल्या कार्डावर नाव बरोबर आहे, दुसऱ्यावरही. १९५७ पासून छापलं जायला लागलं 'बॉब क्लेमेंटे'. इथल्या वार्ताहरांना आणि समालोचकांना रॉबर्टो परका वाटायचा, बॉब घरचा. तो पुन्हा पुन्हा सांगायचा की माझं नाव रॉबर्टो आहे. वर्तमानपत्रं त्याचं इंग्रजी त्याच्या उच्चाराबरहुकूम छापायची, वाचणाऱ्याला हसू यावं म्हणून. आणि कार्डावर बॉब, बॉब, बॉब, १९६९ पर्यंत. मधल्या काळात तो चार वेळा लीगमधला सर्वोत्तम फलंदाज ठरला, १९६६ मध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला. ही तेरा वर्षांची कार्डं मी ओळीने लावलेली आहेत. चेहरा पोक्त होत जातो, खालचं नाव तेच चुकीचं.

माझं नाव मकरंद. इथल्या पहिल्या नोकरीत पहिल्याच दिवशी साहेब म्हणाला, "हे आम्हाला जमायचं नाही, तुला मॅक म्हणतो." माणूस चांगला होता, मला त्याने खूप शिकवलंही. मी हसून हो म्हटलं. अकरा वर्षं मी मॅक होतो. दारावरच्या पाटीवर, बैठकीच्या टिपणांत, निरोपाच्या केकवरसुद्धा. वडिलांना इथे आणलं होतं तेव्हा त्यांनी ती पाटी पाहिली. काही बोलले नाहीत. संध्याकाळी चहा पिताना एवढंच विचारलं, "दुरुस्तीचा अर्ज कुठे करतात इथे?" ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच माहिती हवी होती.

ते गेले त्याच वर्षी मी क्लेमेंटेचं १९७० चं कार्ड शोधायला लागलो. करड्या किनारीचं, ३५० नंबरचं. त्यावर पुन्हा रॉबर्टो आहे. पुढे सप्टेंबर १९७२ मध्ये त्याने बरोबर ३००० वी हिट मारली. डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला. पाठवलेली मदत मधेच लुटली जातेय असं कळल्यावर तो स्वतः सामान घेऊन निघाला, ३१ डिसेंबरच्या रात्री, आणि विमान सान हुआनजवळच्या समुद्रात कोसळलं. त्याचा देह सापडला नाही. १९७३ च्या मालिकेत त्याचं कार्ड आलं तेव्हा तो नव्हता, पण नाव बरोबर होतं.

१९७० चं कार्ड मला एका शाळेच्या जिमखान्यात भरलेल्या कार्डबाजारात मिळालं. टेबलामागे ऐंशीच्या घरातले एक काळे गृहस्थ बसले होते. त्यांच्याकडे १९६० चं, याहून जुनं आणि चांगल्या स्थितीतलं क्लेमेंटे होतं आणि ते स्वस्तात द्यायला तयार होते. मी नको म्हटलं, हेच हवं म्हणालो. का, म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं: पहिला साहेब, मॅक, अकरा वर्षं, वडिलांचा प्रश्न. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, तरी त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात सरकवलं, ते एका खाकी पिशवीत ठेवलं, खिशातून पेन काढलं आणि म्हणाले, "पूर्ण नाव सांगा. एकेक अक्षर. मला घाई नाही."

मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. मधल्या 'ए'पाशी अडखळले, पुन्हा विचारलं, खोडून नीट केलं. कार्ड अल्बममध्ये गेलं. ती पिशवी वडिलांच्या फोटोमागे आहे.