आधी सातपुड्याचं जंगल, मग भीमबेटका

मध्य प्रदेशात जायचं म्हटलं की आपली मंडळी कान्हा, बांधवगड नाहीतर खजुराहो धरतात. आम्ही या हिवाळ्यात सातपुडा राष्ट्रीय उद्यान, भीमबेटका, भोजपूर आणि सांची असा पट्टा केला. हाच क्रम का ठेवावा, ते पुढे येईलच.

सातपुड्यासाठी मढईच्या प्रवेशद्वाराजवळ राहावं. मुंबई-जबलपूर मार्गावरचं सोहागपूर स्टेशन जवळचं, पण तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत; मग इटारसी किंवा पिपरियाला उतरून टॅक्सी करायची. मढईला तवा धरणाचं पाणी देनवा नदीत आत शिरलेलं आहे. होडीने पलीकडे जायचं आणि मग जिप्सीत, म्हणजे उघड्या जीपमध्ये, बसायचं. थंडीत या पाण्यावर चक्रवाक आणि पट्टकादंब हे पक्षी उतरतात, तेव्हा दुर्बीण होडीतच बाहेर काढा.

वाघच बघायचा असेल तर स्पष्ट सांगते, इथे येऊ नका. वाघ आहेत, पण डोंगर, घळी आणि दाट झाडीत सहजी दिसत नाहीत. गवे मात्र अगदी रस्त्यालगत चरताना दिसतात. अस्वल, सांबर, रानकुत्रे आणि आपल्या भीमाशंकरची आठवण करून देणारं शेकरूही आहे. कान्हातून आणून सोडलेले बारशिंगेही इथे आहेत. वनरक्षक आणि गाइडसोबत पायी फिरायची सोय इथे आहे, ती चुकवू नका. जिप्सीतून जे नुसतं हिरवं दिसतं, त्यात पायी फिरताना अस्वलाने फोडलेली वारुळं आणि बिबट्याने ओरबाडलेली खोडं दिसू लागतात. सकाळच्या फेरीला कानटोपी आणि हातमोजे हवेतच. उघड्या गाडीतलं डिसेंबरचं वारं नुसत्या शालीला दाद देत नाही.

आरक्षण वनविभागाच्या संकेतस्थळावर आधीच करायचं आणि त्यात जे ओळखपत्र लिहिलं तेच मूळ प्रत म्हणून जवळ ठेवायचं. बुधवारी दुपारची फेरी नसते आणि पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, कोअर क्षेत्र, म्हणजे जंगलाचा गाभा, बंद असतं.

मढईहून भोपाळला जाताना ओबेदुल्लागंजच्या अलीकडे भीमबेटका लागतं. १९५७ मध्ये पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांना रेल्वेतून जाताना हे खडक दिसले आणि त्यांनी इथे येऊन खडकांवरची आदिमानवाची चित्रं उजेडात आणली. परिसरात ७०० हून जास्त शैलाश्रय, म्हणजे खडकांतले निवारे, असले तरी पायवाटेने मोजकेच बघता येतात. ते बघायला दोन तास पुरेत, घाई नसेल तर तीन. 'झू रॉक' म्हणतात त्या खडकावर प्राण्यांची गर्दी आहे, एका काळातली चित्रं दुसऱ्या काळातल्या चित्रांवर चढलेली. जंगल आधी करा म्हणते ते यासाठी. गव्याचा खांद्यावरचा उंचवटा, सांबराची मान वळवायची ढब हे कालपरवाच डोळ्यांनी बघितलेलं असलं की दोन रेघांतला प्राणी लगेच ओळखू येतो. एरवी गाइड बोट दाखवतो आणि आपण मान डोलावतो. रंग फिके आहेत, म्हणून ऊन वर येण्याआधी पोचा. पाणी सोबत न्या.

भोजपूरला तासभर पुरतो. राजा भोजाचं अकराव्या शतकातलं हे मंदिर अपुरंच राहिलं. शिवलिंग प्रचंड आहे, पण बाहेरच्या कातळावर कारागिरांनी कोरलेले बांधकामाचे नकाशे मला जास्त आवडले. त्यांभोवती जाळी आहे आणि फारसं कोणी तिकडे फिरकत नाही, विचारून जा.

सांचीला मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर, म्हणजे दगडी प्रवेशकमानीवर, सातकर्णी या सातवाहन राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचा लेख आहे. पैठणचे सातवाहन इथपर्यंत कसे, हा प्रश्न मराठी माणसाला पडायलाच हवा! त्याच तोरणावर विदिशाच्या हस्तिदंती काम करणाऱ्यांचाही लेख आहे. मग त्या नक्षीतल्या बारकाव्याचं नवल उरत नाही. खालचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. त्यामुळे शुक्रवार टाळा आणि जमलं तर विदिशाजवळ उदयगिरीच्या गुप्तकालीन गुहांतलं वराहाचं शिल्प त्याच दिवशी उरका. अंतर थोडं आहे, पण भोपाळहूनच परतीची गाडी ठरवून निघा, तिथे ऐनवेळी रिक्षा मिळेलच असं नाही.