हरणांना मानवलेला हिवाळा

फेब्रुवारीत अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या डुलुथला निघालेल्या माणसाला सगळे एकच सल्ला देतात: कपडे घे. मी भरपूर घेतले आणि त्यातले निम्मे बॅगेतून बाहेरच आले नाहीत. साल २०२४. मिनेसोटा राज्याच्या आजवरच्या नोंदींमधला सर्वांत उबदार हिवाळा चालू होता. कॅनॉल पार्कात लोक पातळ जॅकेट घालून फिरत होते आणि समोर लेक सुपीरियर निळंशार, लाटा उसळत असलेलं. बर्फाचा मागमूस नाही. जानेवारीत व्हायची जॉन बेअरग्रीज ही कुत्र्यांच्या घसरगाड्यांची शर्यत बर्फाअभावी रद्द झाली होती. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये बर्कबाइनर या मोठ्या स्की-शर्यतीसाठी यंत्राने बर्फ बनवून दहा किलोमीटरचा फेरा तयार करत होते. याच डुलुथमध्ये आदल्या हिवाळ्यात १४० इंच बर्फ पडला होता, म्हणजे गावाचा विक्रम. लागोपाठच्या दोन हिवाळ्यांत इतका फरक असेल, तर तिथल्या प्राण्यांनी कुठल्या हिशेबाने जगायचं?

हिशेब हा शब्द मुद्दाम वापरला, कारण तिथे तो खरोखर मांडला जातो. मिनेसोटाचं नैसर्गिक संपदा खातं हिवाळ्याच्या कडकपणाचा निर्देशांक काढतं. १ नोव्हेंबर ते ३१ मे या काळात ज्या दिवशी जमिनीवर १५ इंच किंवा जास्त बर्फ असेल त्या दिवसाचा एक गुण, आणि ज्या दिवशी किमान तापमान शून्य फॅरनहाइट किंवा त्याखाली (म्हणजे सुमारे उणे १८ सेल्सिअस) जाईल त्याचा आणखी एक. म्हणजे एका दिवसाचे जास्तीत जास्त दोन. हंगामाची बेरीज १०० च्या आत राहिली तर हिवाळा सौम्य, १८० च्या वर गेली तर कडक. हा आकडा थंडीने गारठणाऱ्या माणसांसाठी नाही, हरणांसाठी आहे. पुढच्या शरद ऋतूत किती हरणं मारायला परवानगी द्यायची, हे ठरवताना तो पाहतात. मी ज्या मित्राकडे उतरलो होतो त्याचे शेजारी निवृत्त गृहस्थ, जन्मभर शिकार केलेले. त्यांना आपल्या भागाची बेरीज तोंडपाठ होती. आदल्या वर्षी ती १८० च्या पुढे गेलेली, यंदा १०० च्या खूपच खाली. त्यांच्या चेहऱ्यावर मे महिन्यात पेरणी करून बसलेल्या शेतकऱ्याला वेळेवर पाऊस मिळाल्याचा आनंद होता.

पहिला मुक्काम सॅक्स-झिम बॉग. डुलुथच्या वायव्येला तासाभरावर पसरलेली ही दलदल पक्षिनिरीक्षकांची पंढरीच म्हणायची. स्प्रूस आणि टॅमरॅकची बुटकी, खुरटी झाडं, मधूनमधून गवताळ माळ आणि सरळसोट कच्चे रस्ते. तिथल्या ॲडमिरल रोडवर पक्ष्यांसाठी खाद्य ठेवतात. दाणे तर असतातच, पण झाडाला चक्क हरणाचा सांगाडा टांगलेला असतो, बरगड्यांना मांस-चरबी चिकटलेली. पहिल्यांदा बघून पोटात कसंसं होतं. मग चिकडी येतात, सुतार पक्षी येतात, कॅनडा जे येतात आणि त्या बरगड्यांवर मन लावून टोचे मारतात. उत्तरेकडच्या जंगलात मेलेलं हरीण हा हिवाळ्याचा मोठा अन्नसाठा असतो, हे तेव्हा डोक्यात शिरलं. डोमकावळे, गरुड, कोल्हे यांची हिवाळ्यातली गुजराण बरीचशी अशा मढ्यांवर चालते. हरणं मरायची थांबली की यांच्या ताटात खडखडाट.

कॅनडा जेची गोष्ट तर आणखी विचित्र. हा राखाडी, धीट पक्षी उन्हाळ्या-शरदात अन्नाचे हजारो तुकडे झाडांच्या सालींत दडवून ठेवतो आणि त्याच्या जोरावर फेब्रुवारी-मार्चमध्ये, सगळं गोठलेलं असताना, घरटं करतो. म्हणजे त्याची सगळी भिस्त जंगल फ्रीजसारखं गार राहण्यावर. थंडी उशिरा आली, किंवा गोठणं-वितळणं चालू राहिलं, की साठा कुजतो. कॅनडातल्या अल्गॉन्क्विन उद्यानात या पक्ष्यांचा कित्येक दशकं अभ्यास झालाय आणि त्यात हेच दिसून आलंय. माझ्या हाताच्या अंतरावर येऊन बसलेला जे मात्र गुबगुबीत होता. टांगलेल्या हरणाची कृपा.

ग्रेट ग्रे घुबड काही दिसलं नाही. ते दिसायला नशीब लागतं, असं तिथे भेटलेले सगळेच म्हणत होते. हे घुबड दीड फूट बर्फाखाली चालणाऱ्या उंदरांची चाहूल कानाने टिपतं आणि वरून थेट बर्फात झेप घेतं. उंदरांच्या बाजूने पाहिलं तर बर्फ म्हणजे छप्पर. वर उणे तीस असलं तरी जाड थराखाली, जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास टिकतं. त्या फेब्रुवारीत छप्परच नव्हतं. रफ्ड ग्राउज हा कोंबडीएवढा पक्षीही रात्री भुसभुशीत बर्फात बुडी मारून झोपतो. त्याला निदान दहाएक इंच मऊ बर्फ लागतो. पातळ बर्फावर पाऊस पडून त्याची काच झाली, की ग्राउज उघड्यावर. त्या वर्षी नाताळातसुद्धा तिथे पाऊस पडला होता.

एका वळणावर ससा दिसला. स्नोशू हेअर. तपकिरी पाचोळ्यावर पांढराशुभ्र, पन्नास पावलांवरून माझ्यासारख्या अर्धवट नजरेच्या माणसालाही दिसावा असा. त्याच्या केसांचा रंग दिवसाच्या लांबीवर बदलतो, बर्फावर नाही. दिवस लहान झाले, ससा पांढरा झाला. बर्फ आला नाही हे त्याच्या अंगाला कळायला मार्ग नाही. आपण दिसतच नाही अशा खात्रीने तो निश्चल बसून राहिला होता.

दुसऱ्या दिवशी हायवे ६१ ने सुपीरियरच्या काठाकाठाने वर. टू हार्बर्स, गुसबेरीचे धबधबे, स्प्लिट रॉकचं दीपगृह. या रस्त्यावर हिवाळ्यात हरणंच हरणं दिसतात असं मित्राने सांगून ठेवलं होतं. दिसली ती मोजकी. मला वाटलं गेल्या वर्षी मेली असतील. काही मेली असणारच, पण यामागे दुसरंही कारण होतं. नेहमीच्या हिवाळ्यात आतल्या डोंगरांवर बर्फ साचला की व्हाइट-टेल हरणं उतरून सरोवराच्या बाजूला येतात, कारण काठाला बर्फ कमी असतो. तिथे सीडर आणि फरच्या दाट झाडोऱ्यात ती कळपाने राहतात. वरच्या फांद्या बर्फ झेलतात, वारा अडतो, आणि सगळ्यांनी तुडवून वाटा मोकळ्या ठेवलेल्या असतात. बर्फच नसेल तर खाली उतरायचं कशाला? त्या वर्षी हरणं उन्हाळ्यातल्या आपापल्या जागी आरामात चरत होती.

गुसबेरीजवळ पायवाटेने आत गेल्यावर जुन्या सीडरची झाडं लागली. जमिनीपासून हरणाचं तोंड पोचेल तेवढ्या उंचीपर्यंत सगळ्यांचा पाला सफाचट, वर हिरवंगार. कित्येक हिवाळ्यांची भूक तिथे एका सरळ रेषेत दिसते. सीडर हरणाला मानवतो. पण हिवाळ्यात मिळणाऱ्या बाकीच्या डहाळ्या-कळ्यांतून जितकी ऊर्जा मिळते त्याहून जास्त खर्च होते. म्हणून हरीण हिवाळाभर खातं आणि तरी वाळत जातं. शरदात साठवलेली चरबी, पोकळ केसांचा जाड कोट आणि कमीत कमी हालचाल, या तीन गोष्टींवर एप्रिल गाठायचा. वसंतापर्यंत वजनाचा पाव हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, घटतो. नुसत्या थंडीने हरीण सहसा मरत नाही. पाठीवर पडलेला बर्फ वितळूसुद्धा नये इतका त्याचा कोट पक्का असतो. मारतो तो खोल बर्फ. बारीक खुरांचे पाय रुततात, छातीपर्यंत बर्फ आला की प्रत्येक पावलाला उडी मारावी लागते, आणि साठा भराभर संपतो. पहिली जातात पाडसं, कारण त्यांच्या अंगावर मुळात चरबी कमी. मार्चमध्ये बर्फावर कडक पापडी धरली की लांडगा वरून धावतो आणि हरीण आत रुततं.

यातलं काहीच त्या वर्षी झालं नाही. नोव्हेंबरात गाभण राहिलेल्या माद्या मे-जूनमध्ये वितात. हिवाळा हलका गेला तर पाडसं वजनदार जन्मतात आणि पहिले काही आठवडे निभावून नेतात. म्हणून सौम्य हिवाळ्याचा फायदा त्याच वर्षी डोळ्यांना दिसत नाही. शेजारच्या काकांचा आनंद उधारीवरचाच होता.

वाटेत एका घराच्या अंगणात मक्याचा ढीग ओतलेला दिसला, भोवती चार-पाच हरणं. कणव म्हणून लोक करतात आणि तिथेच घोटाळा होतो. हिवाळ्यात हरणाच्या पोटातले जिवाणू डहाळ्या पचवण्याला सरावलेले असतात. एकदम मका पडला की पोटात आम्ल इतकं वाढतं की भरल्या पोटी हरीण मरतं. शिवाय एका ढिगावर तोंडं एकत्र आली की क्रॉनिक वेस्टिंग डिसीझ या मेंदूच्या असाध्य रोगाला रान मोकळं. आणि बर्फ नसलेल्या साली तर त्या मक्याची काही गरजच नव्हती.

काठ सोडून हायवे १ पकडला. फिनलंड, इझाबेला अशी चिमुकल्या वस्त्यांची नावं आणि मध्ये फक्त जंगल. हा मूसचा, म्हणजे हरणाच्याच कुळातल्या अवाढव्य प्राण्याचा मुलूख. पिवळ्या पाट्या सावध करतात, मूस स्वतः काही दर्शन देत नाहीत. २००६ मध्ये ईशान्य मिनेसोटात सुमारे ८,८०० मूस असल्याचा अंदाज होता. आता त्याच्या निम्म्याहूनही कमी. या घसरणीतला एक वाटेकरी व्हाइट-टेल हरीण आहे. त्याच्या मेंदूच्या आवरणात एक कृमी राहतो. हरणाला त्याचा फारसा त्रास नाही. विष्ठेतून बाहेर पडलेल्या अळ्या गोगलगायींत जातात, पाल्याबरोबर ती गोगलगाय मूसच्या पोटात, आणि मूसच्या मेंदूत व मज्जारज्जूत त्या कृमीने धुमाकूळ घातला की तो गोलगोल फिरत, कोलमडत मरतो. हरणांची संख्या वाढवणारा प्रत्येक सौम्य हिवाळा मूसच्या वाटेत हा कृमी पेरत जातो.

दुसरा वाटेकरी गोचीड. हिवाळी गोचिडीची पिल्लं शरदात गवता-झुडपांच्या शेंड्यांवर घोळके करून वाट पाहतात. बर्फ पडला की हा खेळ संपतो. बर्फ उशिरा आला तर तेवढे आठवडे त्यांना जास्त मिळतात. एकेका मूसवर हजारो, कधी लाखाच्या घरात गोचिडी चढतात आणि हिवाळाभर रक्त पितात. हरीण चाटून-खाजवून त्यांना उतरवतं, मूसला ते नीट जमत नाही. अंग घासून घासून केस झडलेल्या, पांढुरक्या मूसला तिथले लोक भुताटकी मूस म्हणतात. एप्रिलमध्ये रक्त पिऊन टम्म झालेल्या माद्या खाली गळतात. खाली बर्फ असेल तर मरतात, मोकळी जमीन असेल तर अंडी घालतात. वर आणि मूसचा हिवाळी कोट असा की उणे पाचच्या वरची हवासुद्धा त्याला उकडायला लावते. आमच्या गाडीचा काटा त्या दुपारी शून्याच्या वर होता.

ईलीला पोचल्यावर आंतरराष्ट्रीय लांडगा केंद्रात काचेपलीकडचे लांडगे पाहिले आणि बाहेर कॉफीच्या टेबलावर शिकाऱ्यांचं गाऱ्हाणं ऐकलं. आदल्या नोव्हेंबरात हरणं मिळाली नव्हती आणि दोष सरसकट लांडग्यांना दिला जात होता. या भागात डेव्हिड मेक यांनी १९६६ पासून लांडग्यांचा अभ्यास चालवलाय. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या जंगलाच्या मोठ्या पट्ट्यातून हरणं जवळजवळ नाहीशी झाली, ती ओळीने आलेले कडक हिवाळे आणि लांडगे या दोघांच्या मिळून माराने. मला तरी वाटतं, लांडगा डोळ्यांसमोर असतो आणि दोन वर्षांपूर्वीचा बर्फ नसतो, म्हणून शिव्या त्याच्या वाट्याला येतात. धट्टीकट्टी हरणं कोरड्या जमिनीवर पळत असताना लांडग्याचाही हिवाळा उपाशीपोटीच जातो.

एक गोष्ट कुणीच बोललं नाही. इतक्या उत्तरेला व्हाइट-टेल हरीण तसं नवखंच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जुने पाइन तोडले गेले, कोवळी झुडपं उगवली, आणि हरणं वर सरकली. त्याआधी इथे मूस आणि कॅरिबू. कॅरिबू तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच गेले. हरणांना अडवणारी एकच गोष्ट होती, हिवाळा. आता पाइनची रोपं लावली की वनविभागाची माणसं शरदात एकेका रोपाच्या शेंड्याला कागद गुंडाळून स्टेपल मारतात, हरणांनी खाऊ नये म्हणून. रस्त्याकडेला तशी शेकडो रोपं दिसतात.

जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं: हायवे १ वर संध्याकाळनंतर गाडी अगदी सावकाश चालवा, कारण बर्फ नसला की हरणं कुठूनही रस्त्यावर येतात. गोठलेल्या दिसणाऱ्या कुठल्याही तळ्यावर पाय ठेवण्याआधी गावात विचारा. आणि जंगलातून आल्यावर मोजे, पँटच्या कडा झटकून बघा. पारा पाच अंशांच्या आसपास गेला की लाइम रोग पसरवणारी काळ्या पायांची गोचीड भर हिवाळ्यातही बाहेर पडते. मित्राच्या कुत्र्याच्या कानामागून आम्ही फेब्रुवारीत एक काढली.