दार फोडल्यानंतर

“वाटाघाटी कसल्या करता? कमांडो पाठवा, विषय संपवा.”

ओलीसनाट्यांवर गप्पा चालल्या होत्या, मित्र सहज बोलून गेला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. पण ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

मला मॉस्कोचं ते नाट्यगृह आठवत होतं. ऑक्टोबर २००२. चेचेन दहशतवाद्यांनी ८०० हून जास्त माणसं ओलीस धरलेली. २६ तारखेला पहाटे विशेष दलाने आत गुंगीचा वायू सोडला, मग धडक दिली. दहशतवादी मारले गेले. कारवाई फत्ते.

आणि बाहेर? बेशुद्ध माणसं उघड्यावर उताणी ठेवलेली. उताण्या माणसाची जीभ मागे पडते, श्वास कोंडतो. नुसतं कुशीवर वळवलं असतं तरी कितीतरी जण वाचले असते, असं मला राहून राहून वाटतं. कुठला वायू वापरलाय, हे तर डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं.

सुमारे १३० ओलीस गेले. बहुतेकांना गोळी लागलीच नव्हती.

वाटाघाटी करणारा वेळ काढतो, तो घाबरून नाही. त्या वेळात रुग्णवाहिका, औषधं, स्ट्रेचर उभी करायची असतात.

दार फोडल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांचा विचार आपण कुणी करतो का?