सिरीज बोर्डावरचा शंभरचा दिवा

शाळेच्या मागच्या अंगाला लिंबाखाली पत्र्याची लांबट शेड होती. तिलाच आम्ही वर्कशॉप म्हणायचो. आत शिरल्यावर आधी फिटिंगचे व्हाइस, मग सुतारकाम आणि अगदी टोकाला वीजकामाची खोली. १९८५ साली मी आठवीत तांत्रिक विषय घेतला, तेव्हा त्या खोलीत वीस मुलगे आणि आम्ही दोघी मुली होतो. बाकीच्या मुली शिवणाला गेल्या. ‘पोरगी काय खांबावर चढणार आहे का?’ असं गल्लीत वडिलांना विचारलं गेलं. वडील साखर कारखान्यात कामाला. ते म्हणाले, “घरात वीज आलीय, तर घरातल्या पोरीला ती कळायला नको?” आज माझं पोट त्या एका वाक्यावर चाललंय.

वीजकामाच्या सरांनी पहिले दोन महिने आम्हाला चालू विजेच्या जवळपासही फिरकू दिलं नाही. नुसते तारांचे जोड. पिगटेल, मॅरीड, वेस्टर्न युनियन, ब्रिटानिया. इन्सुलेशन सोलताना चाकू पेन्सिलीला टोक करतो तसा तिरपा धरायचा. तारेभोवती गोल फिरवला की तांब्यावर खाच पडते आणि पुढे कधीतरी तार तिथंच मोडते. ही खाच सर बोटाच्या नखाने शोधायचे. जोड दोन्ही हातांनी ओढून बघायचे, सुटला तर काही न बोलता तारेचा नवा तुकडा समोर ठेवायचे. कंटाळा यायचा, हे खरं आहे. पण नंतर कितीतरी घरांतले काळे पडलेले, सैल जोड उघडताना ते दोन महिने आठवले.

मग आला सिरीज बोर्ड. लाकडी फळी, तिच्यावर किटकॅट फ्यूज, एक सॉकेट आणि होल्डरमध्ये शंभर वॅटचा दिवा. आम्ही काहीही जोडलं की ते आधी या बोर्डावर लावायचं, थेट लाइनवर नाही. दिवा भगभगीत पेटला तर शॉर्ट, म्हणजे दोन तारा मधेच थेट चिकटल्यात. मंद पेटला तर काम बहुधा बरोबर. पेटलाच नाही तर सर्किट कुठंतरी तुटलंय. शॉर्ट असला तरी वाटेत दिवा असल्यामुळे अर्ध्या अँपिअरपेक्षा कमीच करंट वाहतो, म्हणून फ्यूज उडत नाही, तार तापत नाही. मुलाला चूक करायला मोकळीक देणारं याहून चांगलं साधन मी अजून पाहिलेलं नाही. पण सर लगेच बजावायचे, “हा दिवा वायरिंगला सांभाळतो, तुम्हाला नाही. माणसाला याचा दहावा हिस्साही पुष्कळ होतो.”

नववीत मी बॅटनवर, म्हणजे लाकडी पट्टीवर, एक दिवा, एक बटण अशी वायरिंग केली. क्लिपा सरळ रेषेत, वळणं काटकोनात. बटण दाबलं, दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. मी खुशीत सरांकडे बघितलं. त्यांनी बटण बंदच ठेवायला सांगितलं, दिवा काढला, टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून तो पेटतोय याची खात्री केली आणि मग होल्डरच्या पिनेला टेकवला. टेस्टरमधला निऑन लालसर पेटला. मी बटण वीज आणणाऱ्या फेजच्या तारेऐवजी परतीच्या न्यूट्रल तारेत घातलं होतं. “अगं, दिवा विझला. वीज कुठं गेली?” एवढंच ते म्हणाले. बटण बंद करून दिवा बदलायला स्टुलावर चढणारी माझी आई माझ्या डोळ्यांसमोर आली. ती सगळी वायरिंग मी त्याच दिवशी उसकटून पुन्हा केली. शाळा सुटल्यावर सर माझ्यासाठी थांबले होते.

शेडबाहेर अर्थिंगचा, म्हणजे गळणारी वीज जमिनीत उतरवायचा खड्डा होता. अडीच मीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, भोवती मिठाचे आणि कोळशाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं. एप्रिलमध्ये सरांनी फेज आणि अर्थ यांच्यामध्ये दिवा लावून दाखवला. पिवळट, मरगळलेला उजेड. मग तो काढून, लाइन बंद करून आम्हाला चार बादल्या पाणी ओतायला लावलं. पाणी मुरल्यावर तोच दिवा लख्ख. जमीन कोरडी पडली की अर्थिंगही निकामी होतं, हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून उन्हाळ्यात तिथं पाणी घालायची पाळी आठवीच्या मुलांची असायची.

पुढे माझं लग्न झालं ते मोटार रिवायंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरायच्या दुकानातच. आज सत्तावीस वर्षं मी स्टेटर, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागातल्या कॉइल, भरते. उसाच्या पट्ट्यात शेतकरी पाच हॉर्सपॉवरची मोटार खांद्यावर आणतो आणि विचारतो, “ताई, कशानं जळली?” मी कव्हर काढते. स्टार जोडणीच्या, म्हणजे तिन्ही फेजच्या कॉइलची एकेक टोकं एकत्र बांधलेल्या मोटारीत दोन फेजच्या कॉइल कोळसा आणि तिसऱ्या फेजच्या कोऱ्या करकरीत असल्या, तर एक फेज गेलेली असताना मोटार चालू राहिलीय, हे सांगायला मीटर लागत नाही. नवीन कॉइल घालायच्या आधी मी त्याला स्टार्टरबद्दल, एक फेज गेली की मोटार बंद करणाऱ्या सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरबद्दल सांगते. काहींना हे बोलणं नको असतं, त्यांना मोटार संध्याकाळपर्यंत हवी असते. मी तरीही सांगते. समजावल्याशिवाय वस्तू हातात द्यायची नाही, ही सरांची सवय मला लागलीय.

सर आता नाहीत. वर्कशॉपची शेड बरीच वर्षं बंद आहे, असं शाळेच्या या स्मरणिकेच्या कामाला आलेल्या मुलांकडून समजलं आणि रात्री झोप लागली नाही. मुख्याध्यापकांना माझी मनापासून विनंती आहे, ती खोली उघडा. शनिवारी सकाळी मी येईन, जोड शिकवीन. माझ्या दुकानात जळक्या मोटारी आणि पंखे पुष्कळ पडून आहेत, मुलांना उघडून बघायला तेच लागतात. सिरीज बोर्ड मीच करून आणते. मुलींनाही नक्की बसवा. आणि लिंबाखालचा तो खड्डा शोधून, शिपाईमामांना सांगून त्यात तेवढं पाणी ओतून ठेवा.