बाबासाहेबांच्या बत्तीस पदव्या : तुम्ही विचारलेत म्हणून

पूर्वी हा प्रश्न एप्रिलमध्ये यायचा, आता बारा महिने येतो : बाबासाहेबांच्या बत्तीस पदव्या होत्या हे खरे आहे का? विचारणाऱ्यांचे दोन तट आहेत. एकाला माझ्या तोंडून ‘हो’ ऐकायचे असते, दुसऱ्याला ‘नाही’. विद्यापीठांच्या दप्तरांत काय आहे हे ऐकून घेण्याइतकी सवड दोघांनाही नसते. मी अर्थशास्त्र शिकवतो, बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतले कागद हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे, आणि ज्या घरात मी वाढलो तिथे सकाळी त्यांच्या तसबिरीपुढे हात जोडल्याशिवाय कोणी चहाला बसत नसे. ही शेवटची गोष्ट खरे तर इथे अप्रस्तुत आहे, पण ती सांगितली नाही तर पहिला तट मला उचलून दुसऱ्यात नेऊन बसवतो.

तर उत्तर. मुंबई विद्यापीठाची बी.ए., न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या एम.ए. आणि पीएच.डी., लंडनच्या एम.एस्सी. आणि डी.एस्सी., ग्रेज इन या लंडनमधल्या बॅरिस्टरांच्या संस्थेची बॅरिस्टरी. पुढे सन्मान म्हणून कोलंबियाने १९५२ मध्ये दिलेली एलएल.डी. आणि उस्मानियाने १९५३ मध्ये दिलेली डी.लिट. मोजता येतात त्या एवढ्या. ‘आठ वर्षांचा अभ्यास सव्वादोन वर्षांत’ हा जो मजकूर फिरत असतो, तो लंडनमधल्या तारखांशी जुळत नाही : ते १९१६ मध्ये तिथे दाखल झाले, १९१७ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्याने अभ्यास अर्ध्यावर सोडून परतले, १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. कोलंबियाने त्यांना जगातला पहिल्या क्रमांकाचा विद्वान ठरवले, हेही तसेच निराधार. विद्यापीठाला अडीचशे वर्षे झाली तेव्हा, २००४ मध्ये, काळाच्या पुढे असलेल्या आपल्या माणसांची एक यादी त्यांनी केली. तीत बाबासाहेब आहेत, मात्र त्या यादीत क्रमांक नाहीत.

इथवर ऐकले की दुसरा तट समाधानाने उठून जातो, आणि माझे डोके तिथेच फिरते. अरे, थांबा तरी. कोलंबियातल्या त्यांच्या नोंदींवरून त्यांनी घेतलेले अभ्यासक्रम मोजले गेले आहेत : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन यांचा प्रत्येकी एक. १९१३ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला उतरलेला आणि १९१६ मध्ये तिथून लंडनला गेलेला हा विद्यार्थी आहे. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याखेरीज कोलंबिया पीएच.डी. देत नसे, तो प्रबंध १९२५ मध्ये लंडनला छापून निघाला आणि पदवी हातात पडली ती १९२७ मध्ये. लंडनचा रुपयावरचा प्रबंध तर परीक्षकांनी १९२३ च्या पहिल्या खेपेला स्वीकारलाच नाही. ऑगस्टमध्ये तो पुन्हा सादर झाला, नोव्हेंबरमध्ये मान्य झाला, आणि पुस्तक निघाले तेव्हा मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेतच आपले मतभेद नोंदवून ठेवले. ज्या शिष्याशी जाहीरपणे वाद घालावासा गुरूला वाटतो, त्या शिष्याला बत्तीसच्या आकड्याची काय गरज, असे मी कित्येक वर्षे तावातावाने म्हणत आलो.

मग मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी जयंतीचे व्याख्यान झाले. मंचामागे निळा फ्लेक्स होता आणि त्यावर, नेमके माझ्या डोक्याच्या वर, ‘३२ पदव्या’ असे पिवळ्या अक्षरांत छापलेले होते. मी तो विषय काढणार नव्हतो. ठरवूनच गेलो होतो. शेवटी अकरावी-बारावीतल्या एका मुलाने उभे राहून विचारले, सर, त्या बत्तीस पदव्या कोणकोणत्या? त्याला परीक्षेत लिहायला यादी हवी होती. मी आठ सांगितल्या. तो वहीत लिहून घेत होता. आठवीनंतर पेन तसेच धरून तो माझ्याकडे बघत राहिला. मंडळाच्या कार्यकर्त्याने माईक घेतला आणि ‘सरांचा अभ्यास वेगळा असेल, आपला बाप आपल्याला माहीत आहे’ असे म्हणून घोषणा दिली. मंडप दणाणला. मीही ‘जय भीम’ म्हणालो. दुसरे काय म्हणणार होतो?

बाहेर चपला शोधत असताना एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. धोतर, डोक्याला निळा फेटा, हातात काठी. रागावलेले नव्हते. म्हणाले, “सर, मी सालगडी व्हतो. मला अक्षर येत नाही. पोरगी दहावीला नापास झाली, तवा मी तिला स्थळ बघाया लागलो व्हतो. मग ह्याच मंडपात बत्तीसचं ऐकलं. घरी जाऊन म्हनलो, बाबानं बत्तीस केल्या, तुला एक व्हईना का? बसली परत. आता दवाखान्यात नर्स हाये. तिला आता आठ सांगू का?”

मला वाटले, याचे उत्तर आपल्यापाशी आहे. मी त्यांना लंडनच्या त्या परत आलेल्या प्रबंधाची हकिगत सांगितली. म्हणालो, बाबा, त्यांचंही पहिल्या खेपेला नाकारलं होतं, ते पुन्हा बसले, तुमच्या लेकीसारखेच. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “हे नका सांगू, सर. नाकारलेले आमच्यात लई हायेत.” आणि नमस्कार करून गेले.

तेव्हापासून माझा माझ्याशीच खटला चालू आहे. तरुणपणचा मी म्हणतो, दप्तर म्हणजे दप्तर. जो माणूस प्रत्येक विधानाला आधार मागत असे, त्याच्या नावावर निराधार आकडा चिकटवणे हा त्याचा अवमान आहे. हे मला आजही पटते. पण त्याच दप्तरात, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या कागदांत, प्राध्यापक फॉक्सवेल यांनी १९२० मध्ये संस्थेच्या चिटणीसबाईंना लिहिलेले एक पत्र आहे. या गृहस्थाने डॉक्टरची पदवी आधीच घेतली आहे हे मी विसरलो होतो, आता त्याला जिंकायला इथे आणखी जग उरलेले नाही, अशा आशयाचे. पदवी तर १९२७ ची! म्हणजे नियमाच्या भाषेत बोलायचे तर एका इंग्रज प्राध्यापकाने अधिकृत पत्रात त्यांना सात वर्षे आधीच डॉक्टर करून टाकले, आणि ते पत्र जपून ठेवले गेले म्हणून आम्ही अभ्यासक ते कौतुकाने उद्धृत करतो. सालगड्याने चोवीस वाढवल्या की ती मात्र अफवा. हा युक्तिवाद लंगडा आहे हे मला कळते : फॉक्सवेल यांच्यापुढे पूर्ण झालेला अभ्यास होता, उशीर फक्त छपाईचा होता, बत्तीसमागे असे काहीच नाही. तरीही तो मनातून जात नाही.

त्यामुळे यापुढेही विचारलेत तर आठच सांगेन, आणि कोणी मला फ्लेक्स बदलायला सांगा म्हणाले तर ते करणार नाही. यात विसंगती आहे असे तुम्ही म्हणाल, म्हणा. दुसऱ्या तटाला मात्र एवढेच विचारायचे आहे की इतरांच्या नावावरच्या किती दंतकथा तुम्ही अशा तारखा लावून तपासल्या.

राहता राहिले बॉन. जर्मनीतल्या त्या विद्यापीठाच्या दप्तरात १९२१ मध्ये त्यांचे नाव दाखल झाल्याची नोंद आहे आणि उपस्थित न राहिल्यामुळे पुढच्या वर्षी ते कमी केल्याचीही. पदवी नाही, म्हणून मोजणीत येत नाही. पण प्रवेशासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने जर्मन भाषेत लिहिलेले पत्र आहे. कोलंबियातल्या त्या एका प्राथमिक अभ्यासक्रमापासून ते इथवर आले होते. त्या पत्राबद्दल मला अजून कोणत्याच तटाने विचारलेले नाही.