अंगठ्याच्या कोपऱ्यातले भोक: तीन वेळा उसवल्यानंतर

मी लोकरीचे हातमोजे विणते आहे, चार बोटांना एकच पिशवी आणि अंगठा वेगळा असे. मागच्या नोंदीत डाव्या हातमोज्याचे टोक बंद करून मी मोठ्या ऐटीत ‘आता फक्त अंगठा राहिला’ असे लिहिले होते. तो ‘फक्त’ अंगठा या आठवड्यात तीनदा उसवून झाला.

मापे पूर्वीचीच आहेत: 4 मिलिमीटरच्या सुया, 10 सेंटिमीटरला 22 टाके आणि 30 फेऱ्या, पंजाला 44 टाके. अंगठ्याची पाचर (त्याच्या बुडाशी रुंदावत जाणारा त्रिकोणी भाग) एका टाक्यापासून सुरू करून दर तिसऱ्या फेरीला दोन्ही कडांना एकेक टाका वाढवत 15 टाक्यांपर्यंत नेली, ते टाके जादा दोऱ्यावर उतरवले आणि त्या जागी एक नवा टाका घालून पंजा पुढे विणला. एका कडेची वाढ डावीकडे आणि दुसऱ्या कडेची उजवीकडे झुकती घेतल्यामुळे पाचर इतकी रेखीव उतरली आहे की मी ती दोन दिवस नुसती निरखत होते. मात्र टाके उतरवायला हाताशी होती म्हणून उरलेली मोहेअर (केसाळ लोकर) वापरली, हा माझा निव्वळ आळस; तिचे केस टाक्यांत असे गुंतले की ती चिमट्याने उपटावी लागली. या कामाला गुळगुळीत सुती दोराच हवा.

खरा घोळ त्यापुढे झाला. पहिल्या खेपेला पाचरीचे 15 आणि नव्या टाक्याच्या तळातून उचललेला 1 एवढ्यांवरच अंगठा विणला, तेव्हा दोन्ही कोपऱ्यांत करंगळीचे टोक जाईल एवढी भोके पडली. दुसऱ्या खेपेला, सगळेच सांगतात त्याप्रमाणे, कोपऱ्यातला आडवा धागा उचलून त्याचा टाका केला, तर भोक आणखी रुंदावले. तिसऱ्या खेपेला तोच धागा पीळ देऊन विणला. वरचे भोक आवळले, पण त्याच्या खाली नवी फट उघडली.

मग विणकाम दिव्यासमोर ताणून धरले, तेव्हा कारण दिसले. तो आडवा धागा म्हणजे पाचरीचा शेवटचा टाका आणि पंजाचा पहिला टाका यांमधला दुवा असतो. ते दोन टाके वेगवेगळ्या दिशांना गेल्यावर कोपऱ्यातला सगळा ढिलेपणा त्याच्यातच साठतो, आणि त्यालाच सुईवर घेतले की ती ढील आपण मोठी करून कायमची करतो. म्हणून चौथ्या खेपेला त्या धाग्याला हात लावला नाही. दोन्ही कोपऱ्यांत एक ओळ खालच्या घट्ट टाक्याची एकेक बाजू उचलली, एकूण 18 टाके झाले, आणि पुढच्याच फेरीत हे दोन जादा टाके पाचरीच्या शेजारच्या टाक्यांबरोबर जोडून 16 वर आले. एक कोपरा पूर्ण मिटला! दुसरीकडे, जिथे नवी लोकर सुरू केली होती, तिथे बारीक चीर उरली. सुरुवातीला मुद्दाम लांब सोडलेले टोक मागच्या बाजूने इंग्रजी आठच्या आकारात ओवून ओढल्यावर तीही नाहीशी झाली.

सुयांबद्दल माझे मत बदलले आहे. एवढ्या थोड्या टाक्यांना धातूच्या दुटोकी सुया नकोत, त्या एकामागून एक घरंगळतात. बांबूच्या सुया टाके धरून ठेवतात. दोन सुयांच्या सांध्यावर पडणारी शिडी (सैल धाग्यांची उभी रेघ) मात्र तिथेही पडते, त्यामुळे दर फेरीत सांधा दोन टाके पुढे सरकवत गेले.

उजव्या हातमोज्याची अजून मनगटाची रिबच (ताणणारी, उभ्या पट्ट्यांची वीण) झाली आहे. त्यात पाचरीच्या जागी एकाऐवजी 3 टाके घालून, पुढच्या फेरीत दोन कमी करून पुन्हा 44 वर येण्याचा बेत होता, म्हणजे कोपऱ्यांवरचा ताण वाटला जाईल. पण हे लिहितानाच सुचले की पाचर उतरवल्याबरोबर अंगठाच आधी का विणू नये? कोपरा बिघडलाच तर निदान तो पंजा पूर्ण होण्याआधी कळेल. 3 टाके तर घालीनच, फक्त क्रम उलटा करीन.

अडचण एवढीच की त्यासाठी लोकरीचा नवा गुंडा फोडावा लागेल, आणि रंगाचा क्रमांक कळवूनही विक्रेत्याने तो दुसऱ्या घाण्याचा, म्हणजे वेगळ्या खेपेत रंगवलेला, पाठवला आहे. उजेडात तो किंचित हिरवट दिसतो. तेव्हा गेजसाठी (टाक्यांचे माप पाहायला) विणलेला चौकोन उसवला, त्याची कुरळी लोकर लडी करून भिजवली आणि ती आता दोरीवर वाळते आहे. अंगठ्यापुरती ती सहज पुरेल.