अंगठ्याची दुरुस्ती

मी मुद्रितशोधन करते. दिवसभर दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घावर डोळे रोवून बसायचं. हे काम उजव्या हाताचं. डाव्या हाताची पाळी वेगळी चालते. तर्जनी अंगठ्याच्या कडेवरून फिरत राहते आणि कुठे खरखर लागली की थांबते. सुटलेलं सालपट नखात धरायचं, ओढायचं, झाली दुरुस्ती. फक्त ते निघताना शेजारचं जरा कातडं सोबत नेतं, आणि दोन दिवसांनी तिथे खपली. म्हणजे पुन्हा खरखर. एक वेलांटी सुधारताना शेजारच्या दोन मोडणाऱ्याला छापखान्यात कुणी उभं केलं नसतं.

‘खपली काढणे’ हा वाक्प्रचार लोक जुन्या दुःखांसाठी वापरतात. माझ्या बाबतीत त्यात अलंकारिक काही नाही.

“हात!” आई स्वयंपाकघरातून ओरडायची, न बघता. मी हात सोडायचे, पाच मिनिटांनी तो परत जागेवर. एकदा तिनं कडुलिंबाचा पाला वाटून बोटांना लावला. तो इलाज नखं खाणाऱ्यांचा. मी खात नव्हते, सोलत होते. पुढे दंडावरच्या पुळ्याही या दुरुस्तीच्या तावडीत सापडल्या आणि ठाण्याच्या मे महिन्यात मी पूर्ण बाह्यांचे कुडते घालू लागले. “उकडत नाही का गं?” या प्रश्नाला माझ्याकडे सात-आठ तयार उत्तरं होती.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मलम लिहून दिलं आणि विचारलं, “असं कधी करता?” मी म्हटलं, “करत नाही हो, होतं.” त्यांनी मलमाच्या चिठ्ठीखाली मानसोपचारतज्ज्ञांचा नंबर लिहिला.

तिथे कळलं की या चाळ्याला रीतसर नाव आहे, एक्सकोरिएशन डिसऑर्डर. केस उपटण्याच्या सवयीला, म्हणजे आमच्या चुलतबहिणीला, फ्रेंच डॉक्टर आलोपो यांनी १८८९ मध्येच ट्रायकोटिलोमेनिया असं भारदस्त नाव देऊन ठेवलं होतं. आम्हाला अमेरिकी मानसोपचाराच्या निदानग्रंथात स्वतःची ओळ मिळायला २०१३ उजाडलं. राग आला नाही, उलट हायसं वाटलं. इतकी वर्षं मी त्याला ‘घाणेरडी सवय’ म्हणत होते.

उपाय मात्र अगदी साधा निघाला. अझ्रिन आणि नन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेला. आधी फक्त टिपून ठेवायचं, हात कधी जातो ते. मग हात जाऊ लागला की मूठ वळायची आणि मिनिटभर तशीच धरायची. माझ्या वहीतलं एक पान असं: ‘३.४० – फोन होल्डवर. ४.१५ – तळटीपा. ४.५० – तळटीपाच. रात्री ९ – आईचा फोन.’ मला वाटायचं, मी काळजीनं सोलते. वही सांगत होती, निम्म्या वेळा कंटाळ्यानं.

मूठ जमते, पण मुठीत मजा नाही. खोटं कशाला बोलू, सालपट अखंड निघतं त्या क्षणी बोटांना जे मिळतं ते मुठीत नसतं. ते मला सापडलं डाळिंब्यांत. कडवे वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकायचे. साल फुगून सैल होते. चिमटीत दाबलं की डाळिंबी सुळकन बाहेर, सालपट बोटांत. कुणाला दुखत नाही, रक्त नाही, आणि वर बिरडं होतं. पाव किलो सोलायला मला तासभर लागतो. तेवढा तास अंगठा सुटीवर. शेजारच्या दोन घरांत आता दर रविवारी माझं बिरडं जातं. त्यांना वाटतं, मला स्वयंपाकाची हौस.

ऑफिसात वाल नेता येत नाहीत. तिथे अंगठ्याला चिकटपट्टी लावते. परवा दुपारी पाहिलं तर तर्जनीनं त्या पट्टीची सुटलेली कड शोधून काढली होती.

आई हल्ली “हात!” म्हणत नाही. शनिवारी रात्री फोनवर विचारते, “वाल मोडाला बांधलेस का?” गेल्या शनिवारी मी हो म्हटलं. बांधले नव्हते. फोन उजव्या हातात होता.